आईचं रक्त चांगलं, मग बाळाला सुई का?

दवाखान्यात बाळ जन्मलं की थोड्याच वेळात नर्सताई त्याच्या मांडीत एक बारीक सुई देतात. ती जीवनसत्त्व ‘के’ची. गटांच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारलं जातं, की आईने नऊ महिने पालेभाजी खाल्ली, तिच्या रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, मग बाळाला टोचायचं कशाला? हे कळायला डॉक्टरांनाही जवळजवळ नव्वद वर्षं लागली. आज तीच हकिकत सांगतो.

1894 साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स टाउनसेंड नावाच्या डॉक्टरांनी पन्नास नवजात बाळांची नोंद छापली. चांगली जन्मलेली बाळं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाच्या नाळेतून, कुणाच्या तोंडातून, कुणाच्या शीतून रक्त जायला लागलं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे अशा बाळाला त्या काळी कुणाची नजर लागली म्हणत असतील, ते तुम्हाला सांगायला नको.

धागा सापडला तो कोंबडीच्या पिल्लांत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला हेन्रिक दाम पिल्लांना चरबी काढून टाकलेलं खाद्य देऊन वेगळाच अभ्यास करत होते. 1929च्या सुमाराला त्यांना दिसलं, की दोन-तीन आठवड्यांत पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळतं आणि रक्त काढून ठेवलं तर ते लवकर गोठत नाही. लिंबाचा रस देऊन पाहिला, उपयोग झाला नाही. हिरवा पाला आणि डुकराचं काळीज दिलं तेव्हा मात्र पिल्लं सुधारली. म्हणजे पाल्यात काहीतरी होतं. गोठण्याला त्यांच्याकडच्या भाषेत ‘कोआगुलेशन’ म्हणतात, आणि तिथे तो शब्द ‘के’ने सुरू होतो. म्हणून 1935 साली नाव पडलं, जीवनसत्त्व ‘के’.

पुढे 1939 साली एडवर्ड डॉइझी यांनी अमेरिकेत हे ‘के’ शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. कशातून? आपण गाई-म्हशींना घालतो त्या लसूणघासातून! दुसरा प्रकार मिळाला कुजवलेल्या मासळीच्या भुकटीतून, कारण काही जंतूही ‘के’ तयार करतात. आपल्या आतड्यातले जंतूही थोडं करतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात मात्र हे जंतू नसतातच. दाम आणि डॉइझी यांना 1943चं नोबेल मिळालं.

आता मोजायचं कसं? 1935 साली आर्मंड क्विक यांनी एक चाचणी काढली. रक्तातलं पाणी बाजूला काढायचं, त्यात सशाच्या मेंदूचा अर्क आणि कॅल्शियम घालायचं आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सुधारलेल्या रूपात हीच चाचणी आजही होते. पण तिची एक खोड आहे. ‘के’ बरंच उतरेपर्यंत ती ‘ठीक आहे’ असंच सांगते.

1963 साली नेदरलँड्सच्या हेमकर यांना दिसलं, की ‘के’ कमी असलं तरी यकृत गोठवणारी प्रथिनं बनवतं, पण ती अर्धवट राहतात. 1974 साली त्याचं कारण उलगडलं. ‘के’ या प्रथिनांना कॅल्शियम धरायचे आकडे बसवून देतं. आकडे नसलेली प्रथिनं रक्तात किती आहेत हे मोजलं, की तुटवडा आधीच कळतो. रक्तातलं ‘के’ थेट मोजताही येतं, पण ते काल-परवा काय खाल्लं त्यावर वर-खाली होतं. आज गटाच्या पेटीत किती रोकड आहे यावरून वर्षाची बचत कळत नाही, तसंच.

आणि या मोजण्यांतूनच आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. 1980च्या दशकात आईच्या आणि नाळेच्या रक्तातलं ‘के’ शेजारी शेजारी मोजलं गेलं. नाळेत ते वीस-तीस पट कमी निघालं! वारेतून ‘के’ फारच थोडं पलीकडे जातं. आईचं रक्त अगदी उत्तम असलं तरी बाळाची झोळी जवळजवळ रिकामीच. आईच्या दुधातही ‘के’ कमी असतं. म्हणून दूध तोडायचं नाही हं, बाळाला दूध आईचंच हवं. पण फक्त दुधावर असलेल्या आणि सुई न मिळालेल्या बाळाला दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे विरळा घडतं, पण घडलं की बाळ जाऊ शकतं किंवा जन्माचं अधू होऊ शकतं.

सुईची भीती वाटणं आम्ही समजू शकतो. सुरुवातीच्या काळात कारखान्यात बनवलेलं ‘के’ जास्त मात्रेत दिल्याने काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वाईट कावीळ झाली होती. म्हणून ते बंद झालं आणि पाल्यात असतं तसलंच ‘के’ थोड्या मात्रेत देणं सुरू झालं. भारत सरकारने 2014 साली दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी ही सुई ठरवून दिली. मात्रा 1 मिलिग्रॅम, एक किलोच्या आतल्या बाळाला अर्धा.

बायांसाठी मात्र ‘के’ची वेगळी तपासणी सहसा लागत नाही. मेथी, पालक, चवळई, शेवग्याचा पाला फोडणी देऊन खाल्ला की गरज भागते. तेल हवंच, त्याशिवाय ‘के’ अंगी लागत नाही. पाळीत फार अंगावरून जातं म्हणून कुणी जीवनसत्त्वांच्या तपासणीचं महागडं पॅकेज सुचवलं तर आधी हिमोग्लोबिन बघा आणि डॉक्टरांना दाखवा. कारण बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

काही जणींची गोष्ट वेगळी आहे. फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दिवस राहिल्यावर लगेच, आणि शक्य असेल तर त्याआधीच, डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. अशा आईच्या बाळाला पहिल्याच दिवशी रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं. आणि ज्यांचं बाळंतपण घरीच किंवा वाटेत झालं, त्यांनी बाळाला घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं, सुई तिथेही मिळते.