परक्या घरचा पहारा

पूर्वीं गांवचा जागल्या गांवांतलें प्रत्येक घर आणि प्रत्येक माणूस ओळखीत असे. म्हणूनच रात्रीं अनोळखी पाऊल वाजलें कीं तें त्याला तत्काळ उमगे. संगणकांच्या राज्यांत हाच पहारा मक्त्यानें देण्याची रीति कशी पडली, आणि त्यासाठीं माणसें मिळवितांना कोणत्या अडचणी आल्या, हें आज पाहावयाचें आहे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेल्या एका स्वयंप्रसारी आज्ञावलीनें हजारों संगणकांचें काम बंद पाडलें. त्याच वर्षीं पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत अशा संकटांच्या निवारणार्थ एक पथक स्थापन झालें. पुढें दहा वर्षांत इंटरनेट पेढ्यांत व दुकानांत शिरलें आणि ज्याला त्याला पहारेकरी हवासा झाला.

येथें एक साधा हिशेब आडवा आला. आठवड्याचे तास १६८. एक मनुष्य काम करणार ४०. म्हणजे एकच खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवावयाची तर चार माणसें पुरत नाहींत. रजा व आजारपण धरलें कीं पांच लागतात. जाणत्या माणसांची मुळांतच वाण असतां हें कोणाला परवडणार? ही गरज ओळखून १९९९ सालीं अमेरिकेंत ब्रूस श्नायर प्रभृतींनीं काउंटरपेन ही कंपनी काढली. एका ठिकाणीं बसलेल्या थोड्या तज्ज्ञांनीं अनेक गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर नजर ठेवावयाची, अशी ती योजना होती. २००६ सालीं ब्रिटनच्या बी. टी. कंपनीनें ती विकत घेतली. धंदा प्रतिष्ठित झाला.

परंतु माणसांची वाण संपली नाहीं. तिनें केवळ घर बदललें. एका पहारेकऱ्याच्या वांट्याला जितकीं घरें अधिक, तितका मक्तेदाराचा नफा अधिक. घरांबरोबर इशारेही वाढले, आणि त्यांतले बहुतेक पोकळ! रात्रपाळीचा नवशिका तरुण काम शिकतो, आणि शिकला कीं बऱ्या पगाराची दिवसपाळी धरतो. त्याच्याबरोबर घरांची ओळखही निघून जाते.

पहारा दूर असला म्हणजे काय होतें, हें २०१३ च्या अखेरीस दिसलें. टार्गेट या अमेरिकन दुकानदार कंपनीच्या यंत्रांवर बंगळूरचें पथक लक्ष ठेवीत असे. वृत्तपत्रीं आलेल्या हकिकतीप्रमाणें त्या पथकानें धोक्याचा इशारा मिनिआपोलिसच्या मुख्य कचेरीस कळविला. तेथें मात्र तत्काळ कांहीं करण्याचें कारण नाहीं असें ठरलें. सुमारें ४ कोटी कार्डांचे क्रमांक चोरीस गेले. जागणाऱ्यानें हांक दिली होती. दार लावण्याचा अधिकार त्याच्या हातीं नव्हता.

आज आपल्या पुण्यासारख्या शहरांतूनही कित्येक घरचीं मुलें अशा परक्या घरांसाठीं रात्री जागवितात. त्यांच्या जागरणाचें मोल त्यांच्या डोळ्यांवर जितकें अवलंबून आहे, तितकेंच त्यांना दिलेल्या अधिकारावर आणि एका घरीं टिकून राहण्याच्या सोयीवर आहे. पहारा मक्त्यानें देतां येतो. घराची ओळख मात्र मक्त्यानें मिळत नाहीं.