मद्यपी चालकाचा वकील आणि पुराव्याची शिस्त

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे वकीलपत्र घेणाऱ्या वकिलाकडे समाज आदराने पाहत नाही. दिवाणी दाव्यात एका भावाच्या बाजूने उभे राहिले तर कोणी नावे ठेवत नाही, खुनाच्या आरोपीच्या वकिलाभोवतीही थोडे वलय असते. पण रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला सोडवणारा वकील हा पैशासाठी काहीही करणारा, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या समजाला इतिहासाचा आधार नाही. मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हापासून मॅजिस्ट्रेट कोर्टांत बचाव पक्षाने जे प्रश्न विचारले, त्यांनीच मद्यप्राशनाच्या पुराव्याला शिस्त लावली. ती शिस्त आरोपीच्या उपयोगी पडली हे खरे. पण आज अपघातात बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांनाही तिचाच आधार आहे. छोट्या वकिलीचा प्रामाणिक पायाही याच कामातून घातला गेला, असे माझे म्हणणे आहे.

मुंबई इलाख्यात दारूवर सरकारचे नियंत्रण जुनेच. 1878 च्या अबकारी कायद्याने गाळणे, विकणे आणि कर भरणे यांची चौकट घातली होती. पिणे हा गुन्हा नव्हता. 1939 मध्ये पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग केला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या कायद्याने परवान्याशिवाय दारू पिणे हाच गुन्हा ठरवला. मोटार चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 खाली त्याला शिक्षा व्हायची तर नशेमुळे गाडीवर योग्य ताबा ठेवण्यास तो असमर्थ होता, हे सिद्ध करावे लागे. दारूबंदी कायद्याच्या कलम 66 खाली मात्र तो प्यायला होता एवढेच पुरेसे होते. साहजिकच अपघातानंतर पोलीस दोन्ही कलमे लावू लागले आणि त्यातले दुसरे सोपे वाटू लागले. तोंडाला वास, तांबारलेले डोळे, विस्फारलेल्या बाहुल्या, अडखळती चाल, एवढ्या नोंदी डॉक्टरच्या कागदावर असल्या की खटला पूर्ण झाला, अशी समजूत रूढ होऊ लागली.

या खटल्यांची जागा होती मॅजिस्ट्रेट कोर्ट. त्या काळी मुंबईची वकिली वरच्या आणि खालच्या दालनांत विभागलेली होती. हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि बॅरिस्टर किंवा अॅडव्होकेटने बाजू मांडायची, ही दुहेरी पद्धत 1976 च्या अखेरपर्यंत चालली. सनदांचे वेगवेगळे दर्जे मोडून सगळ्यांना एकच अॅडव्होकेट हे नाव देणारा कायदा 1961 चा. घराण्यात सॉलिसिटरची पेढी नसलेल्या तरुणाला किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव किंवा दादर इथली फौजदारी न्यायालये हीच कामाची खरी जागा होती. दारूबंदीने तिथे नव्या प्रकारचे आरोपी आणले. नोकरदार, व्यापारी, टॅक्सीचालक असे हे लोक, एरवी फौजदारी न्यायालयाची पायरी न चढणारे. खटला लहान, साक्षीदार मोजके: पोलीस, पंच आणि डॉक्टर. अशा खटल्यात वकिलाचे कसब एकाच ठिकाणी दिसते, उलटतपासणीत. आणि उलटतपासणी भर कोर्टात होते. पुढच्या तारखेची वाट पाहत बसलेले पक्षकार ती ऐकत असतात.

कायद्याला पहिला मोठा धक्का 1951 मध्ये बसला. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायदा बव्हंशी वैध ठरवला, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. तत्त्वाच्या पातळीवरच्या या निर्णयाचा व्यवहारातला अर्थ काय, हा प्रश्न सुटला तो नेमका एका मोटार अपघाताच्या खटल्यात. मे 1951 मध्ये कफ परेडजवळ एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारा पेसिकाका हा सरकारच्या परिवहन खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी होता. डॉक्टरांना त्याच्या तोंडाला अल्कोहोलचा वास आला. पण बोलणे सुसंगत होते आणि तो सरळ रेषेत चालू शकत होता. आपण जेवणानंतर अल्कोहोलयुक्त टॉनिक घेतले, असा त्याचा बचाव होता. मॅजिस्ट्रेटने दारूबंदीच्या आरोपातून त्याला सोडले, हायकोर्टाने दोषी ठरवले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला या आरोपातून मुक्त केले. न्यायमूर्तींमध्ये एकमत नव्हते, पण बहुमताचा निष्कर्ष स्पष्ट होता: बलसारा निर्णयानंतर सगळेच अल्कोहोल निषिद्ध राहिलेले नाही, म्हणून आरोपीच्या पोटात गेलेले अल्कोहोल निषिद्ध प्रकारचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. वास येतो म्हणून आरोपीनेच आपले निर्दोषत्व सिद्ध करावे, हा युक्तिवाद कोसळला.

तिघांना धडक देणारा माणूस टॉनिकच्या बाटलीआड सुटला, मग या निर्णयाचे कौतुक का करायचे, असा प्रश्न इथे कोणीही विचारील. उत्तर पुढच्या पाच वर्षांत मिळते. निष्काळजीपणे गाडी चालवून इजा करणे हा भारतीय दंडसंहितेखालचा वेगळा गुन्हा होता आणि या युक्तिवादाने त्याला हात लावला नव्हता. बाजूला पडला तो फक्त वासावर उभा असलेला पुरावा. आणि तो पडल्यामुळेच राज्याला चांगला पुरावा शोधणे भाग पडले. 1959 मध्ये मुंबई राज्याने कायदा बदलला. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण 0.05 टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे सिद्ध झाले, तर आपण औषधच घेतले होते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्यात आली. संशयिताची वैद्यकीय तपासणी करून रक्त घेण्याचा अधिकार कलम 129-अ ने दिला. इंग्लंडने आपली 80 मिलिग्रॅमची मर्यादा कायद्यात आणली ती 1967 मध्ये. म्हणजे रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा मुंबईच्या कायद्यात आठ वर्षे आधी आला होता. दोन्ही तरतुदींचा हेतू वेगळा होता, पण अंदाजाच्या जागी मोजमाप आणण्याची दिशा एकच होती. सरकारला या दिशेने ढकलले ते बचाव पक्षाच्या युक्तिवादाने.

कायद्यासोबत त्याच वर्षी वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीचे नियम आले आणि मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या वकिलाला नवा अभ्यास करावा लागला. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेली असावी; त्वचा स्पिरिटने पुसू नये, रक्त घेताना अल्कोहोलचा स्पर्श कुठेही होऊ नये; किमान पाच घन सेंटीमीटर रक्त घ्यावे; ते गोठू नये आणि खराब होऊ नये म्हणून कुपीत योग्य द्रव्ये असावीत; कुपीवर चिठ्ठी आणि डॉक्टरची मोहोर असावी; सोबत ठरावीक नमुन्यातला अर्ज जावा. यातली प्रत्येक पायरी उलटतपासणीतला एक प्रश्न झाली. डॉक्टरने स्पिरिट वापरले का? कुपीत द्रव्य घातले होते का, आणि कोणी? मोहोर कोणाच्या ताब्यात होती? रक्त घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुपी कुठे होती? अनेकांना ही निव्वळ तांत्रिक खुसपटे वाटतात. पण रक्तात सापडलेले अल्कोहोल आरोपीच्या पोटातून आले की कापसाच्या बोळ्यातून, हा प्रश्न खटल्याचा गाभाच आहे. न राखलेले रक्त बदलते, मोहोर नसलेली कुपी बदलता येते. माणसाला आकड्याच्या आधारे तुरुंगात पाठवायचे तर तो आकडा त्याच्याच रक्ताचा असला पाहिजे.

बचावाचा प्रत्येक मुद्दा टिकला असे मात्र नाही, आणि हेही या इतिहासात महत्त्वाचे आहे. सक्तीने शारीरिक नमुने घेणे म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे, हा युक्तिवाद 1961 च्या काठी कालू ओघड निर्णयानंतर टिकणे अवघड झाले. खानदेशातून आलेल्या उखा कोल्हे खटल्यात 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम 129-अ ची वाट हीच एकमेव वाट नाही. डॉक्टरने अन्यथा घेतलेल्या रक्ताचा अहवालही पुराव्यात येऊ शकतो. उलट 1971 च्या करियानी खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले की वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येणार नाही. हे निर्णय एकत्र वाचले की मोजण्याचा राज्याचा अधिकार मान्य झालेला दिसतो, आणि त्याबरोबर नीट मोजण्याचे कर्तव्यही. ही तडजोड विधिमंडळात एका दिवशी घडली नाही. एकेका खटल्यात, एकेका वकिलाच्या हरकतीतून ती आकाराला आली.

पुढे साठच्या दशकात महाराष्ट्रात परवाने सैल झाले आणि निव्वळ पिण्याच्या खटल्यांचे महत्त्व ओसरले. लक्ष पुन्हा रस्त्यावर आले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 185 सुरुवातीला इतके कडक होते की रक्तात अल्कोहोलचा अंशही पुरेसा होता. 1994 च्या दुरुस्तीने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आणि ब्रेथ अॅनालायझरची चाचणी आली. या कलमाखाली अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी, नाहीतर सुटका, ही अटही कायद्यातच आहे. 2007 पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी नाकाबंदीच्या मोहिमा हाती घेतल्या आणि 2019 मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड 10,000 रुपये झाला. आता वकिलाचे प्रश्न यंत्राकडे वळले आहेत: त्याची तपासणी शेवटची कधी झाली, ते हाताळणाऱ्याला प्रशिक्षण होते का, छापील पावती जोडली आहे का. विषय बदलला, शिस्त तीच राहिली.

दुसरा आक्षेप पैशाचा. अशा खटल्यांवर वकिली उभारणे म्हणजे लोकांच्या व्यसनावर धंदा करणे नव्हे काय? वकिली वाढवण्याचे भ्रष्ट मार्ग होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. साठच्या दशकात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालणे, वकीलपत्रासाठी ओढाताण करणे, एकमेकांची फी पाडणे, असे प्रकार काही वकील करत होते. महाराष्ट्र बार कौन्सिलने त्यांच्यावर कारवाई केली, बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडले, आणि 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय चुकीचा ठरवून वकिली हा बाजार नाही हे बजावले. आजही जाहिरात करणे आणि काम मागत फिरणे यावर बंदी आहे. 2008 पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देता येते. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, म्हणजे सुटका झाली तर अमुक असा सौदाही निषिद्ध आहे. मग लहान वकिलाने वाढायचे कसे? उरतो एकच मार्ग: एक विषय इतका नीट शिकायचा की कोर्टातल्या कामावरूनच लोक शोधत येतील. मद्यप्राशनाच्या खटल्यांनी तो मार्ग कुठल्याही पेढीचा वारसा नसलेल्या वकिलांना मोकळा करून दिला. आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचे मत काहीही असो, त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य असल्याचे बार कौन्सिलचे नियमच सांगतात आणि पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 ने दिला आहे.

सर्वांत जड आक्षेप मृतांच्या बाजूने येतो. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांचे जीव गेले असताना कुपीवरच्या मोहोरेची चर्चा करणे अमानुष नाही का? नोव्हेंबर 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीखाली सात मजूर मेले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल सापडले होते आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. तिथे वासाच्या नोंदीबरोबर प्रयोगशाळेचा आकडा होता. आता 2024 चे पुणे पाहा. कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण जीव घेतले आणि त्यानंतर चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. तिथे महत्त्वाचे ठरलेले प्रश्न तेच आहेत, जे बचावाचे वकील वर्षानुवर्षे विचारत आले: रक्त कोणी काढले, कोणासमोर, कुपी कोणाच्या ताब्यात होती, रक्त कोणाचे होते? नमुन्याच्या प्रवासाची नोंद हवी हा हट्ट कधीकाळी आरोपीच्या वकिलाने धरला; तीच नोंद आज श्रीमंत आरोपीला वाचवण्यासाठी केलेली फसवणूक उघड करण्याचे साधन आहे.

मद्यपी चालकाला कडक शिक्षा व्हावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी बचावाच्या वकिलावर राग काढून काही साधणार नाही. प्रशिक्षित डॉक्टर, तपासलेली यंत्रे, वेळेत अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळा आणि नमुन्याच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद, या गोष्टी त्यांनी सरकारकडे मागाव्यात. आणि फौजदारी कोर्टात नुकत्याच उभ्या राहणाऱ्या तरुण वकिलांनी हे खटले हलके मानू नयेत. नियम पाठ करा, प्रयोगशाळेची पद्धत समजून घ्या, खोटा साक्षीदार कधीही उभा करू नका, आणि सरकारचा पुरावा भक्कम असेल तर पक्षकाराला तसे स्पष्ट सांगा. अशा वकिलीने पक्षकारांचा विश्वास मिळतो आणि रस्त्यावरचा कायदाही खरा होतो.