पुसला गेलेला ठिपका

लोलकातून पांढरा प्रकाश सोडला की सात रंग दिसतात, हे आपण सारे शाळेत शिकलो. पण लोलक रंग तयार करत नाही, आधीच असलेले वेगळे करून दाखवतो. लेसरचा एक रंग आत जावा आणि बरोब्बर निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश बाहेर यावा, ही करामत स्फटिकाने केली ती १९६१ साली.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व तीन सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा लाल प्रकाश (६९४ नॅनोमीटर) क्वार्ट्झमधून सोडला. फोटोच्या काचेवर ३४७ पाशी एक बारीक ठिपका उमटला. शोधनिबंध छापून आला तेव्हा गंमत झाली. चित्रात बाण आहे, पण ठिपकाच नाही! छपाईतला डाग समजून कोणीतरी तो पुसला, असे सांगतात.

ठिपका इतका पुसट का? स्फटिकात जुना आणि नवा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने चालतात. थोड्याच अंतरावर त्यांची पावले चुकतात आणि नव्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. शाळेच्या संचलनात पाऊल चुकले की आम्ही ‘कदम बदल’ म्हणायचो. १९६२ मध्ये निकोलस ब्लूमबर्गन व सहकाऱ्यांनी असाच उपाय सुचवला: स्फटिकाची आतली दिशा ठराविक अंतराने उलटी करायची. हे अंतर काही मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी! असे स्फटिक चांगले जमायला पुढची सुमारे तीस वर्षे गेली.

दरम्यान दुसऱ्या कृत्रिम स्फटिकांनी १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशाचा ५३२ चा हिरवा करून दाखवला. भाट्याच्या किनाऱ्यावर तारे दाखवताना वापरतात ती हिरवी शलाका पुष्कळदा अशीच जन्मते. मधुमेहाने माझ्या डोळ्याच्या पडद्यावर झिरपू लागलेल्या रक्तवाहिन्याही डॉक्टरांनी हिरव्या लेसरने बंद केल्या. म्हणून आज लिहितो-वाचतो आहे.

आता हा विषय आपल्या मराठवाड्यात येतो आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणी प्रकाशातली सूक्ष्म थरथर कमी करण्यासाठी २०१९ पासून असाच, आतून दिशा उलटवलेला स्फटिक वापरतात. कारण मोजायचे अंतर अणूच्या गाभ्याहूनही लहान!

उद्या औंढ्याला आपली मुले काम करतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, बाळांनो, कागदावरचा डाग पुसण्याआधी तो एकदा नीट बघा.