उभे द्विमुखी सौर पॅनेल

उभी द्विमुखी सौर पॅनेल ही दोन्ही पृष्ठांवर पडणाऱ्या प्रकाशापासून वीज निर्माण करणारी आणि कुंपणाप्रमाणे जमिनीशी काटकोनात उभारलेली सौर पॅनेल होत. त्यांच्या ओळी बहुधा दक्षिणोत्तर असतात. त्यामुळे एक बाजू पूर्वेकडे आणि दुसरी पश्चिमेकडे येते. अशा पॅनेलांची कार्यक्षमता ठरवताना वर्षाकाठी किती युनिट वीज मिळाली एवढेच पाहून भागत नाही. ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळाली, हेही पाहावे लागते.

दोन बाजूंची क्षमता

‘द्विमुखी’ या शब्दावरून दोन्ही बाजू तुल्यबळ असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. मागील बाजूच्या क्षमतेचे पुढील बाजूशी असलेले प्रमाण पर्क प्रकारच्या सिलिकॉन घटांत साधारण ७० टक्के, टॉपकॉन घटांत ८० टक्क्यांच्या आसपास, तर हेटेरोजंक्शन घटांत ९० टक्क्यांच्या जवळपास असते. कलत्या पॅनेलाच्या मागील बाजूस मुख्यतः जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाशच मिळत असल्याने तेथे हा फरक फारसा जाणवत नाही. उभ्या पॅनेलाची मागील बाजू मात्र अर्धा दिवस थेट सूर्यासमोर असते, म्हणून येथे घटाचा प्रकार निर्णायक ठरतो. जेथे दुपारनंतर आभाळ भरून येते तेथे सरस बाजू पूर्वेकडे ठेवणे हिताचे असते.

दिवसभरातील निर्मिती

दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलाच्या निर्मितीच्या आलेखाला मध्यान्ही एकच शिखर असते. उभ्या पॅनेलाच्या आलेखाला सकाळी व दुपारनंतर अशी दोन शिखरे आणि मध्ये दरी असते. सूर्य ऐन माथ्याच्या रेषेत असताना किरण पॅनेलाच्या पृष्ठाला समांतर जातात आणि केवळ विखुरलेला व परावर्तित प्रकाश उपयोगी पडतो. ही दरी वरवर पाहता उणीव वाटते. परंतु जर्मनीत भर दुपारी सौर वीज इतकी निर्माण होते की घाऊक बाजारातील दर कधी कधी शून्याखाली उतरतात. तेथे सकाळ-संध्याकाळच्या युनिटाचे मोल अधिक. लायपझिग येथील संशोधकांच्या २०२२ मधील अभ्यासानुसार अशा पॅनेलांमुळे वीजसाठवणीची किंवा वायूवर चालणाऱ्या केंद्रांची गरज कमी होऊ शकते.

अक्षांशाचा परिणाम

सिंगापूर येथील संशोधकांनी २०१३ मध्ये जगभरातील स्थळांचा गणिती अभ्यास करून दाखविले की उभ्या पॅनेलांचे यश अक्षांश, विखुरलेल्या प्रकाशाचे प्रमाण आणि जमिनीची परावर्तनक्षमता यांवर अवलंबून असते. उत्तर युरोपात उन्हाळी सूर्य ईशान्येस उगवून वायव्येस मावळतो. त्या वेळी दक्षिणाभिमुख पॅनेलाच्या तो पाठीमागे असतो, उभ्या पॅनेलाच्या मात्र जवळजवळ समोर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडूनच फिरत असल्याने हा लाभ उरत नाही. बर्फाच्छादित भूमी प्रकाश परावर्तित करून त्याची काहीशी भरपाई करते. मुंबईच्या, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. अशा प्रदेशात उभ्या पॅनेलांची वार्षिक निर्मिती साध्या जमिनीवर कलत्या पॅनेलांहून कमीच भरते.

उष्णता, धूळ आणि हिम

स्फटिकी सिलिकॉन पॅनेलाची निर्मिती तापमान एका अंशाने वाढले की सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. उभ्या पॅनेलाच्या दोन्ही बाजूंना वारा लागतो आणि भर दुपारचे ऊन अंगावर येत नाही, म्हणून ते तुलनेने थंड राहते. धूळ कमी साचते. हिम तर टिकतच नाही.

उपयोग व मर्यादा

झुरिकजवळ औब्रुग येथे १९९७ मध्ये महामार्गाच्या ध्वनिरोधक भिंतीत द्विमुखी पॅनेल बसविण्यात आली. जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे २०२० मध्ये सुमारे ४.१ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प गवताळ जमिनीवर उभा राहिला. ओळींमधील गवत तेथे यंत्रांनी कापता येते. ओळी जवळ आणल्यास सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या शेजारच्या ओळीवर पडून नेमक्या मोलाच्या वेळीच निर्मिती खालावते. त्यामुळे तितक्याच क्षमतेसाठी जमीन अधिक लागते, मात्र तिचा बहुतांश भाग शेतीसाठी मोकळा राहतो. वाऱ्याचा दाब संपूर्ण पृष्ठावर येत असल्याने खांब आणि पाया अधिक भक्कम करावे लागतात.