गोळीचं टोक आणि नेम धरणाऱ्याचा हात

आज ज्या पन्हाळ्यावर आपण बसलो आहोत, तिथूनच सुरुवात करू. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० साल. शिवाजी महाराज गडावर अडकलेले. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज जौहरच्या मदतीला आले. त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. त्यांनी उखळी तोफ आणि गोळे आणले, स्वतःचं निशाण लावलं आणि गडावर मारा केला. महाराज जुलैत निसटले, विशाळगडाला गेले. बाजीप्रभूंची गोष्ट इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मला आज त्या गोळ्यांबद्दल बोलायचं आहे. ते दुरून आले होते, आणि टाकणारा म्हणत होता की मी तर व्यापारी!

त्या काळचा गोळा काय, बंदुकीची गोळी काय, दोन्ही गोल. गोल वस्तूला टोक नसतं, बरं का. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा थोडी लहान. ती नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडायची आणि शेवटी जशी आपटेल तशी वळायची. नेमबाज कितीही चांगला असला तरी शंभर-दीडशे पावलांपलीकडे नशीबच.

याचा पहिला पद्धतशीर विचार केला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचं तोफविद्येवरचं पुस्तक १७४२ चं. गोळीला हवेचा अवरोध किती प्रचंड असतो, हे त्याने प्रयोगाने मोजून दाखवलं. त्याचं म्हणणं असं, की नळीत मळसूत्री खाचा पाडून गोळीला स्वतःभोवती फिरवलं तर ती सरळ जाईल, आणि हे तंत्र जे राष्ट्र आधी पूर्णपणे हाती घेईल ते इतरांवर मात करेल. हा माणूस पुढे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रास किनाऱ्यावर फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

गोळी फिरायला लागली की तिला लांबट करता येते, कारण फिरणारी लांब गोळी उलटीपालटी होत नाही. १८४९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनिएची गोळी आली. पुढून निमुळती, मागून पोकळ. बार उडाला की मागची कड फुलून खाचांत बसते. तिच्याच कुळातली गोळी एनफिल्ड रायफलच्या काडतुसात होती. १८५७ ला ज्या चरबीवरून भडका उडाला, ती चरबी गोळी खाचांच्या नळीत सहज उतरावी म्हणूनच लावायची. कोल्हापुरातही त्या वर्षी ३१ जुलैला २७ व्या पलटणीने उठाव केला. कारणं अनेक होती. पण काडतुसाच्या वादाच्या पोटात गोळीचा बदललेला आकार होता, हे आपण विसरतो.

आणि योगायोग पाहा. पन्हाळ्याच्या वेढ्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८६० च्या जुलैत, लंडनजवळ विम्बल्डनला नेमबाजीची मोठी स्पर्धा सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली. व्हिटवर्थची रायफल घट्ट बसवलेली, अंतर ४०० यार्ड. गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. दोनशे वर्षांत नशिबाचं गणित झालं.

यापुढे इतिहास गोळीच्या टोकापाशी येतो, आणि तिथे त्याला दोन वाटा फुटतात.

पहिली वाट कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याची. वायव्य सरहद्दीवर ब्रिटिशांची तक्रार होती, की तांब्या-निकेलच्या कवचाची नवी गोळी शरीरातून आरपार जाते, माणूस थांबत नाही. १८९६ च्या सुमारास तिथल्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. गोळी आत गेली की फुलायची. जखम भयानक. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धात बंदी घालण्याचं जाहीरनाम्याने ठरलं. ब्रिटनने तो मान्य केला १९०७ मध्ये.

दुसरी वाट लांब पल्ल्याची. फ्रेंचांनी १८९८ ला आणि मग जर्मनांनी गोळीचं टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार केलं. हवा कमी अडते, गोळी वेग कमी गमावते, कमी खाली येते. ब्रिटिशांची तशी गोळी १९१० ची.

पण मग स्पर्धेतल्या नेमबाजांना एक गंमत कळली. अचूकपणा म्हणजे निव्वळ टोकदारपणा नव्हे, तो एकसारखेपणा आहे. साध्या लष्करी गोळीत शिसं मागून भरतात, टोक बंद. स्पर्धेच्या गोळीत उलट: बूड बंद, टोकाला बारीक छिद्र. कारण नळीतून सुटताना मागचा वायू बुडावर ढकलतो. बूड जरा वेडंवाकडं असेल तर गोळी कलते. म्हणून बूड नीट केलं आणि ओबडधोबडपणा टोकाकडे ढकलला. आता प्रत्येक गोळीचं टोक किंचित वेगळं. ५० मीटरवर काही फरक पडत नाही. १००० यार्डांवर पडतो: जिला हवा जास्त अडवते ती खाली लागते, जिला कमी ती वर. म्हणून हे लोक छोट्या कातरयंत्राने सगळी टोकं एका मापाची करतात. त्याने हवेचा अवरोध थोडा वाढतो, तरी चालतं. दहाही गोळ्या सारख्याच खाली येणार असतील तर दुर्बीण तेवढी वर करता येते. नंतर काहीजण ते टोक साच्यात दाबून पुन्हा निमुळतं करतात आणि गमावलेलं परत मिळवतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. मी इतिहास सांगतोय, कृती नव्हे!)

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. दोन गोळ्या समोर ठेवा. दोन्हींच्या टोकाला माणसाने हात लावलाय. एकीचा हेतू जखम मोठी करणं, दुसरीचा कागदावरची छिद्रं जवळ आणणं. डोळ्यांना दोन्ही उघड्या टोकाच्या. अमेरिकन लष्कराला हाच प्रश्न पडला. १९९० मध्ये त्यांच्या कायदेतज्ज्ञांनी मत दिलं, की स्पर्धेच्या गोळीचं छिद्र फुलण्यासाठी नसून अचूकतेसाठी आहे, म्हणून ती युद्धात चालेल. तर्क बरोबर आहे. पण पाहा, जी वस्तू कागदासाठी सुधारली ती पुन्हा माणसाकडे वळली. वस्तूची घडण निर्दोष ठरली म्हणून तिचा वापर निर्दोष ठरत नाही.

आपल्या कोल्हापूरला हे जास्त कळायला हवं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं. त्यांच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. गोळी शिशाची, गोल टोकाची. तिचं टोक कुणी कापत नाही. तिथे काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि सर्वांत एकसारखी खेप निवडतात. सूत्र तेच. बाकीचा एकसारखेपणा श्वासाचा, बोटाचा, मनाचा.

शेवटी परत पन्हाळ्यावर येऊ. गोळे टाकणारे इंग्रज गडापासून दूर होते, आणि कदाचित त्यांना वाटलं असेल की अंतर म्हणजे सुटका. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली, रेव्हिंग्टनला आणि त्याच्या साथीदारांना कैद केलं. सुटायला १६६३ उजाडलं. व्यापारी असल्याची सबब चालली नाही. साडेतीनशे वर्षांत आपण गोळीचं टोक घासून घासून अंतर जिंकलं. पण गोळी जितकी लांब आणि जितकी अचूक जाते, तितकी ‘चुकून लागली’ म्हणायची सोय कमी होते. गोल गोळीवाल्याला नशिबाकडे बोट दाखवता येत होतं. टोक कापून सारखं करणाऱ्याला येत नाही. त्याने मुद्दाम मारलं, आणि जिथे मारायचं तिथेच मारलं.

म्हणून अचूकतेबरोबर जबाबदारीही वाढते, एवढंच मला आज म्हणायचं होतं.