श्वासाचे मोजमाप आणि हृदयविकार : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत ‘दमा’ हा शब्द फार व्यापक अर्थाने योजिला जातो. श्वासनलिकांच्या विकाराने धाप लागो वा हृदय दुर्बल झाल्याने लागो, बीड जिल्ह्यातील कुटुंबात दोहोंसही बहुधा हेच नाव मिळते. यास केवळ अज्ञान म्हणणे योग्य होणार नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमक श्वासाचा रोगी आडवा झाला असता अधिक पीडित होतो व उठून बसला म्हणजे त्यास बरे वाटते, असे वर्णन आहे. हे लक्षण श्वासनलिकांच्या दम्यास लागू पडते, तसेच ज्याचे हृदय रक्त पुढे लोटण्यास असमर्थ झाले आहे त्या रोग्यासही लागू पडते. दोघेही रात्र बसूनच काढतात. उपचार मात्र भिन्न आहेत. म्हणून केवळ पाहून व ऐकून जो निर्णय होत नाही, तो मोजून होईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

श्वास मोजण्याच्या शास्त्राचा पाया लंडन येथील शल्यवैद्य जॉन हचिन्सन याने घातला. 1846 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात 2,130 व्यक्तींची मोजणी आहे. पाण्यावर उलट्या ठेवलेल्या भांड्यात नळीने फुंकावयाचे व भांडे किती वर उचलले जाते ते पाहावयाचे, इतके ते यंत्र साधे होते. पूर्ण श्वास घेऊन तो शक्य तितका बाहेर टाकला असता जी हवा निघते, तिला त्याने ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव दिले. येथे तिला श्वासधारकता म्हटले आहे. खलाशी, पोलीस, आग विझविणारे, मल्ल, दरिद्री लोक, सभ्य गृहस्थ, अशा नाना प्रकारच्या माणसांस त्याने फुंकावयास लावले. उंची एक इंचाने वाढली की श्वासधारकता सुमारे आठ घन इंचांनी वाढते, हा नियम त्यातून निघाला. हचिन्सनचा संबंध एका आयुर्विमा कंपनीशी होता. निरोगी कोणास म्हणावे, हा प्रश्न त्याच्यापुढे आरंभापासूनच होता.

हृदयविकाराकडे हे मोजमाप वळविण्याचे श्रेय बोस्टन येथील फ्रान्सिस पीबॉडी यास द्यावे लागेल. 1917 साली त्याने दाखविले, की हृदयरोग्याची धाप जितकी अधिक तितकी त्याची श्वासधारकता कमी असते. अपेक्षित मापाच्या 90 टक्क्यांवर असणाऱ्यांस फारसा त्रास नव्हता. 40 टक्क्यांखाली गेलेले रोगी बहुतेक अंथरुणास खिळलेले होते. याचे कारणही पुढे उलगडले. डावे हृदय थकले की फुप्फुसांत रक्त तुंबते, केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि फुप्फुस ताठर होते. 1934 साली क्रिस्टी व मीकिन्स यांनी छातीतील दाब मोजून हा ताठरपणा प्रत्यक्ष दाखविला.

परंतु टक्केवारी म्हटली की ती कशाची, हा प्रश्न येतोच. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील सोहन लाल भाटिया यांचा श्वासधारकतेवरील लेख 1929 साली प्रसिद्ध झाला. 1932 साली कृष्णन व वरीद यांनी दक्षिण भारतातील 103 वैद्यकीय विद्यार्थ्यांची मोजणी केली, आणि 1941 साली तेलंग व भागवत यांनी मुंबईच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची. युरोपीय मापे येथील शरीरास जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे या प्रयत्नांतून स्पष्ट झाले. तथापि मोजला गेला तो तरुण, शहरी आणि बहुधा पोटभर जेवणारा पुरुष. वैद्यकीय विद्यार्थी हा संशोधकास सर्वांत सहज सापडणारा देह होय! बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद येथे 1956 साली निघाले आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 साली.

मोजपट्टी चुकली तर काय होते, हे कल्पित आकड्यांनी पाहावे. एखाद्या धडधाकट शेतमजुराची श्वासधारकता 3.4 लिटर आहे. परकीय कोष्टक 4 लिटर अपेक्षिते. तो 85 टक्के ठरतो व निष्कारण रोग्यांत गणला जातो. उलट कोष्टक सरसकट घटवून 3 लिटर केले, तर त्याच मजुराचे हृदय थकून माप 2.8 वर आले तरी ते 93 टक्के भरते आणि तो निरोगी म्हणून घरी पाठविला जातो. दुसरी चूक अधिक घातक, कारण ती दिसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी पाठक यांच्यासह 1959 साली फुप्फुसविकारातून उद्भवणाऱ्या हृदयविकाराचे 127 रोगी अभ्यासिले. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही हा विकार आढळला व चुलीच्या धुराकडे त्यांचे लक्ष गेले. येथे ओघ उलटा आहे : आधी फुप्फुस बिघडते, मग उजवे हृदय. पण चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या स्त्रियांसच ‘निरोगी’ समजून कोष्टक केले, तर धुराने केलेली हानी त्या कोष्टकातच मुरते व सर्वसाधारण ठरते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली भारतीय मापे प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच, 1947 साली, पॅरिसच्या टिफनो याने पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा हिशेब मांडून अडथळा व संकोच वेगळे करण्याची वाट दाखविली होती. मात्र हृदय तुंबले असता श्वासनलिकांच्या भिंतीही सुजतात, त्यामुळे ती वाटही सर्वस्वी निःसंदिग्ध नाही. 2012 साली जागतिक कोष्टक निघाले, त्यात भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट नव्हता. 2022 साली वंशभेद वगळून एकच कोष्टक मांडले गेले.

पीबॉडीच्या कामात या अडचणीवर एक साधा उपाय होता. त्याने त्याच रोग्यास पुनःपुन्हा मोजले. तुंबलेला द्रव ओसरला की माप वाढे, प्रकृती ढासळली की उतरे. रोगी स्वतःचीच मोजपट्टी ठरतो, कोष्टकाची गरज गौण होते. यास दुसरी मोजणी मात्र हवी. बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे बहुधा चैत्रापर्यंत, फडावरच असतात. त्यांच्यापैकी ज्याची पहिली मोजणी भाद्रपदात झाली, त्याची दुसरी पुढील उन्हाळ्यावर जाते.