बाल लसीकरणाची स्थानिक अंमलबजावणी

बाल लसीकरणाची स्थानिक अंमलबजावणी म्हणजे शासनाने ठरविलेले लसीकरणाचे वेळापत्रक गाव, पाडा किंवा वस्ती या पातळीवर प्रत्यक्षात आणण्याची प्रक्रिया होय. भारतात १९७८ साली विस्तारित आणि १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. लसी विनामूल्य असूनही सर्व बालकांना त्या वेळेवर मिळतातच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १२ ते २३ महिने वयाच्या सुमारे ७३ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते.

नोंद आणि स्थलांतर

कार्यक्रमाचे यश प्रथम यादीवर अवलंबून असते. आशा स्वयंसेविका घरोघरी फिरून बालकांची यादी करतात आणि तिच्या आधारे उपकेंद्राची परिचारिका सत्राचे नियोजन करते. यादीत नाव नसलेले बालक सहसा सत्रालाही येत नाही. ऊसतोड कामगारांची मुले याचे ठळक उदाहरण आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतून कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात परततात. ६, १०, १४ आठवडे आणि ९ महिने या वयांच्या मात्रा नेमक्या याच काळात येऊ शकतात. मूळ गावी बालक 'गैरहजर' ठरते, तर कोपीवर त्याची नोंदच नसते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असल्यास दुसऱ्या ठिकाणी पुढची मात्रा देता येते. पण बिऱ्हाड हलविताना ते जपणे सोपे नसते.

लसीची हाताळणी

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेची धास्ती सर्वांनाच असते, परंतु पंचगुणी लस गोठली तरी निकामी होते, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. गोवर-रुबेला लसीची कुपी द्रावणात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते. एका कुपीत अनेक मात्रा असल्याने दोनच बालके आली तर ती फोडावी की नाही, असा पेच पडतो. बालकाला परत पाठविण्यापेक्षा उरलेल्या मात्रा वाया गेलेल्या परवडतात. 'पुढच्या महिन्यात या' हे उत्तर रोजंदारी बुडवून आलेल्या आईला दिले, तर ती पुन्हा येईलच याची खात्री नसते.

विश्वास

पंचगुणी लसीनंतर काही बालकांना ताप येतो. याची पूर्वकल्पना न दिल्यास पालक पुढची मात्रा टाळतात. अशा टाळाटाळीला सरसकट अज्ञान म्हणणे योग्य नाही. अनेकदा ती अपुऱ्या संवादाची परिणती असते. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव व भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला. त्यानंतर लसीच्या अतिरिक्त मात्रा देण्याची मोहीम घेण्यात आली आणि लोकांचे मन वळविण्यासाठी स्थानिक धर्मगुरूंचेही साहाय्य घेतले गेले. दाट वस्तीच्या शहरी भागात दवाखाना जवळ असूनही बालके सुटतात, कारण तेथे भाड्याची घरे वारंवार बदलतात आणि सत्राच्या वेळी आईवडील कामावर असतात. संध्याकाळची किंवा रविवारची सत्रे अशा ठिकाणी अधिक सोयीची ठरतात.